रेझिस्टर का जळला?
(जुन्या ब्रिटिश हाय-फाय यंत्रांच्या दुरुस्तीवरील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, टेबलावर हा जो जड ठोकळा ठेवलाय, तो क्वाड टू, म्हणजे आवाजाची शक्ती वाढवणारं यंत्र. इंग्लंडमधल्या हंटिंगडन गावच्या अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने तो १९५३ साली बाजारात आणला. कंपनी पीटर वॉकर यांनी १९३६ साली काढलेली. क्वाड ही आद्याक्षरं आहेत: क्वालिटी युनिट अ‍ॅम्प्लिफायर, डोमेस्टिक. त्यातला ‘डोमेस्टिक’ हा शेवटचा शब्द मला फार आवडतो. माणसाच्या बैठकीच्या खोलीत, बायकामुलांत राहायचं म्हणून केलेलं हे यंत्र. शक्ती १५ वॅट, तीही एकाच चॅनेलची. स्टिरिओ हवं असेल तर असे दोन घ्यायचे.

मला नेहमी विचारतात की ब्रिटिश मालाची बांधणी एवढी चांगली कशावरून. बहुतेक जण उचलून पाहतात आणि वजनावरून ठरवतात. मी उलटा करून पाहतो. खालची पत्री काढली की आत टॅगबोर्ड दिसतो, म्हणजे एक पट्टी आणि तिच्यावर धातूच्या कानांची रांग. प्रत्येक रेझिस्टर, म्हणजे करंटला अडथळा करणारा भाग, आणि प्रत्येक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग, त्या कानांना डाखलेला. जोडणीचा नकाशा समोर धरून बोट ठेवत गेलं, तर व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंतचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या एका काचेच्या नळीपासून दुसरीपर्यंतचा, सगळा रस्ता वाचता येतो. लीक या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही हीच पद्धत. हॅरोल्ड लीक यांनी १९४५ साली ‘पॉइंट वन’ आणला, म्हणजे आवाजातली विकृती फक्त ०.१ टक्का, त्या काळात हा आकडा धाडसाचा होता. पण त्या आकड्याइतकंच मोल मला त्यांच्या नीटस टॅगबोर्डचं वाटतं. हे यंत्र कधीतरी कोणीतरी उघडणार आहे, हे करणाऱ्याने मनात धरलेलं आहे. बांधणी चांगली म्हणतो ती यासाठी.

याचा अर्थ सगळं निर्दोष आहे असा नाही. क्वाड टूमध्ये केटी६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह आवाजाची शक्ती देतात. दोघांच्या कॅथोडला, म्हणजे करंट जिथून निघतो त्या तापणाऱ्या भागाला, मिळून एकच रेझिस्टर आहे, १८० ओहमचा. त्याच्यावर साधारण २६ व्होल्ट पडतात. गणित करा: २६ गुणिले २६, भागिले १८०. पावणेचार वॅट उष्णता. आणि रेझिस्टर दिलाय ३ वॅटचा! एवढ्या विचाराच्या माणसांनी इथे हात का आखडता घेतला, हे मला कायम खुपतं. यंत्र नवं असताना तो तग धरतो. कसोटी लागते ती म्हातारपणी.

ते कसं, सांगतो. केटी६६च्या आधी ईएफ८६ हे दोन छोटे व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्याकडून आवाज पुढे नेतो ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. त्याचं काम असं की आवाजाचा चढउतार पुढे जाऊ द्यायचा आणि मागचा विजेचा उच्च दाब अडवून धरायचा. त्या काळचे कंडेन्सर कागदाचे. वर्षानुवर्षं दमट हवा खाऊन ते झिरपू लागतात. मग केटी६६च्या ग्रिडवर, म्हणजे करंट कमीजास्त करणाऱ्या आतल्या जाळीवर, नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, त्याची प्लेट, म्हणजे करंट गोळा करणारा पत्रा, लाल होते, आणि तो सगळा करंट त्या ३ वॅटच्या रेझिस्टरमधून जातो. तो काळा पडतो.

माझ्याकडे एक जोडी आली होती. एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आधीच्या कारागिराने जळालेला रेझिस्टर काढून १० वॅटचा दणकट रेझिस्टर बसवला होता. डाख सुरेख, काम स्वच्छ. कंडेन्सर मात्र जुनेच. आता रेझिस्टर जळेना, म्हणून करंट वाहतच राहिला, आणि स्पीकरला आवाज पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. तो डांबर ओतून बंद केलेला असतो. शिवाय त्यात केटी६६च्या कॅथोडसाठी तारेचं वेगळं वेटोळं आहे, त्यामुळे बाजारातला साधा ट्रान्सफॉर्मर चालत नाही. सत्तर रुपयांचा कंडेन्सर न बदलल्यामुळे हे झालं. त्या मालकाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मोठा रेझिस्टर बसवायला माझी हरकत नाही, मीही ५ वॅटचा बसवतो. पण आधी तो का जळला हे शोधायचं. केटी६६ काढून ठेवा, यंत्र चालू करा, ग्रिडच्या पिनेवर, म्हणजे पाच नंबरवर, मीटर लावा. शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तरी कंडेन्सर गेला समजा.

आपल्याला एक सोय आहे. इंग्लंडातली वीज ५० हर्ट्‌झची, आपलीही तीच. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिकडच्या रेकॉर्ड प्लेयरची मोटरवरची पुली बदलावी लागते. पण इंग्लंडात स्विंडनला बनलेलं गॅरार्ड ३०१ किंवा ४०१ हे रेकॉर्ड फिरवायचं यंत्र इथे आणून लावलं तरी तबकडी बरोबर वेगाने फिरते. आपले गोल पिनांचे प्लगही मुळात जुन्या ब्रिटिश मानकाचेच. फक्त गॅरार्डच्या रबरी चाकावर खळगा पडलाय का ते पाहा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला धप्‌ धप्‌ ऐकू येईल.

बरं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र घरी आणलंत तर थेट प्लगमध्ये घालू नका. सिरीज बोर्ड वापरा. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब यंत्राशी सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत जळत राहिला तर ताबडतोब बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

आता मी पत्री काढतो. पुढे या, पण एक हात खिशात ठेवा. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ शेकडो व्होल्ट राहू शकतात. आधी मी एक रेझिस्टर लावून तो दाब उतरवतो, मीटरवर शून्य दाखवतो, मग तुम्ही बोट लावा. तो बघा, मधला तपकिरी झालेला. तोच १८० ओहमचा.