प्रोबेटची सक्ती गेली, सह्या राहिल्या

(दृश्य: मुलुंड चेकनाका, वाहनांची रांग)

मुलुंडचा चेकनाका. अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे. अलीकडच्या फ्लॅटचे मालक मृत्युपत्र करून वारले, की मुलांना प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्रावरच्या कोर्टाच्या मोहोरेसाठी, हायकोर्टाची पायरी चढावी लागायची. पलीकडच्यांचं मृत्युपत्र ठाण्यातच झालेलं, घरही तिथलंच. मग त्यांना ही सक्ती नाही. राज्य एक, कायदाही एकच, भारतीय वारसा कायदा, १९२५. पण त्यातलं प्रोबेटची सक्ती करणारं कलम २१३ हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू व्हायचं ते मुंबई आणि मद्रास या जुन्या हायकोर्टांच्या शहरी हद्दीपुरतं, आणि जुन्या बंगाल प्रांतापुरतं. मूळ १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टमधलं. इंग्रज गेले, शहरांची नावं बदलली, रेघ तशीच राहिली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं हे कलमच काढून टाकलं.

(दृश्य: फोर्ट, हायकोर्टाची इमारत)

प्रोबेट म्हणजे ‘हे मृत्युपत्र खरं आहे’ यावर कोर्टाची मोहोर. अर्ज करायचा मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकानं, म्हणजे एक्झिक्युटरनं. मग वारसांना नोटिसा. कुणी कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, टाकली, की साध्या अर्जाचा दावा होतो, आणि पुढे तारखा.

आता सक्ती नाही, पण प्रोबेट रद्द झालेलं नाही. भावाभावांत वाद असेल, तर आजही ते घेतलेलं बरं. बाकीच्यांनी मात्र सुटलो म्हणू नये. कोर्टाची मोहोर नसेल, तर मृत्युपत्राचा सगळा भार पडतो त्याच्या शेवटच्या पानावर.

(दृश्य: मृत्युपत्राचं शेवटचं पान, जवळून)

हे पान नीट बघा. करणाऱ्याची सही, वयामुळे जरा थरथरलेली. खाली दोन साक्षीदार, त्यांची नावं, पत्ते, सह्या. त्याच १९२५ च्या कायद्यातल्या कलम ६३ ला हव्या आहेत त्या एवढ्या सह्याच. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. पण दोन्ही साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं. आणि त्यांनी आपली सही त्याच्या समोरच करायला हवी. आत काय लिहिलंय, हे त्यांना कळायची गरज नाही.

घोटाळा होतो तो इथेच. कागद घरी तयार होतो, आजोबा सही करतात, आणि संध्याकाळी मुलगा तो घेऊन शेजाऱ्यांकडे जातो: ‘काका, इथे जरा सही करा.’ काका करतात. पुढे वाद कोर्टात गेला, तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला पिंजऱ्यात उभं राहावंच लागतं. पहिलाच प्रश्न येतो, ‘तुम्ही त्यांना सही करताना पाहिलंत का?’ काका खरं बोलले, की मृत्युपत्र कोसळलं. नोंदणी केलेली असली तरी या पुराव्यातून सुटका नाही.

म्हणून साक्षीदार निवडताना वय बघावं. लोक मोठ्या आदरानं ऐंशी वर्षांच्या दोन मित्रांना बोलावतात. ते आधी गेले तर? साठीच्या आतले, गावातच राहणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे दोघे धरावेत. फॅमिली डॉक्टर असतील तर उत्तम. मन शाबूत होतं का, हेही तेच सांगू शकतात.

(दृश्य: बँकेचा फॉर्म, नॉमिनीचा रकाना)

‘नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?’ हा समज घराघरात आहे. याचं उत्तर देणारा निकाल आपल्या फार ओळखीच्या नावाशी जोडलेला आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांनी २०११ मध्येच मृत्युपत्र केलं होतं. काही गुंतवणुकींवर नॉमिनी लावलेले होते. नॉमिनी म्हणजे मालक का, हा वाद मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात पोचला, आणि १४ डिसेंबर २०२३ ला उत्तर आलं: नाही. नॉमिनीनं पैसे ताब्यात घ्यायचे. हक्क वारसांचा, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचा. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नाव चढलं, म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही.

(दृश्य: एकटी राहणारी स्त्री, कपाटातली पासबुकं)

मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६. पुरुष गेला तर मुलगे, मुली, पत्नी आणि आई, सारखे वाटे. आईचं नाव वारसांच्या यादीत लिहायला हमखास विसरतात.

बाईचा हिशेब वेगळा, आणि मला तो सरळ अन्याय वाटतो. मूल नाही, नवरा नाही, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क सासरचा, आईवडील त्यानंतर. एका बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिनं नोकरी केली, प्रॉव्हिडंट फंड साठवला. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. आईनं हक्क सांगितला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायद्यावर बोट ठेवून सगळं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिलं.

‘माझ्यामागे सर्व माझ्या आईला’ एवढी एक ओळ आणि खाली तीन सह्या असत्या, तर निकाल उलटा लागला असता.