कॅमेऱ्याला रिक्षा कशी दिसते? बेंगळुरूचे चौक आणि 565 विद्यार्थी

(दृश्य: बेंगळुरू. संध्याकाळची गर्दी. खांबावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारा चौक.)

या चौकात आत्ता किती वाहनं आहेत?

बस दिसते. बसच्या आड अर्धी झाकलेली रिक्षा. तिच्या डाव्या अंगाने तीन दुचाक्या पुढे घुसतायत. मागे मालाने भरलेला छोटा टेम्पो, आपल्याकडे ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो. सिग्नल सुटला की हे सगळं एकदमच हलतं. इथे लेन रंगवलेल्या आहेत, पण वाहनं लेनने जात नाहीत. जिथे जागा मिळेल तिथून जातात.

टॉमटॉम या कंपनीच्या 2024 च्या जागतिक पाहणीत बेंगळुरूला 10 किलोमीटर अंतर कापायला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागले. जगातल्या सर्वांत संथ शहरांच्या यादीत बेंगळुरू तिसरं. चौथं कोण? पुणे. 33 मिनिटं 22 सेकंद. म्हणून कॅमेऱ्याला आपली वाहनं ओळखायला शिकवणाऱ्या 565 विद्यार्थ्यांची ही गोष्ट बेंगळुरूची असली, तरी पुण्यात स्वारगेटला रोज सिग्नलवर उभं राहणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही.

(दृश्य: चौकाच्या कडेला पॅड आणि पेन घेऊन उभी असलेली मुलं. कागदावर पाच-पाचच्या रेघा.)

चौकाचं कुठलंही काम मोजणीपासून सुरू होतं. हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, पूल बांधायचा की नाही, बसला वेगळी मार्गिका द्यायची का, या सगळ्याआधी एकच प्रश्न येतो: इथून काय काय जातं आणि किती? वर्षानुवर्षं हे काम माणसांनी केलं. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून रेघा मारल्या.

पण नुसती संख्या पुरत नाही. कारण दहा दुचाक्या आणि दहा बस यांना रस्त्यावर सारखी जागा लागत नाही. म्हणून रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने 1990 च्या आपल्या मार्गदर्शक सूत्रांत प्रत्येक वाहनाला एक आकडा दिला. मोटार म्हणजे 1. दुचाकी 0.5 ते 0.75. रिक्षा 1.2 ते 2. बस किंवा ट्रक 2.2 ते 3.7. रहदारीत त्या वाहनाचं प्रमाण जास्त असेल, तर वरचा आकडा घ्यायचा. त्या यादीत टांगा आहे. हातगाडीसुद्धा आहे, आणि तिचा आकडा रिक्षापेक्षा मोठा, 2 ते 3. ज्यांनी ही यादी केली, त्यांनी आपला रस्ता नीट पाहिला होता.

आता कॅमेऱ्याने रिक्षाला मोटार समजलं, किंवा तिला पाहिलंच नाही, तर काय होईल? बेरीज चुकेल. बेरीज चुकली की दिव्याचे सेकंद चुकतील. आणि त्याच दिव्यापाशी आपण उभे असतो.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर चौकाचं चित्र. मोटारींभोवती चौकटी उमटतात. रिक्षा चौकटीशिवाय पुढे सरकते.)

कॅमेऱ्याच्या चित्रातून वाहन ओळखणारे जे संगणकीय नमुने (मॉडेल) जगभर वापरले जातात, त्यातले बरेच 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेले असतात. 2014 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने तो तयार केला. त्यात 80 प्रकारच्या वस्तू आहेत. सायकल, मोटार, मोटारसायकल, बस, ट्रक, रेल्वे, विमान आणि होडीसुद्धा.

रिक्षा नाही.

यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्यांनी चित्रं गोळा केली, त्यांच्या रस्त्यावर रिक्षा नव्हती. पण परिणाम आपल्याला भोगावा लागतो. जे वाहन संगणकाला कोणी दाखवलंच नाही, ते तो ओळखणार कसा?

(दृश्य: भारतीय विज्ञान संस्था, बेंगळुरू. झाडांमधले रस्ते, दगडी मुख्य इमारत.)

भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आधी 2024 मध्ये बेंगळुरू वाहतूक पोलिसांसोबत एक स्पर्धा घेतली. परिसरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण द्यायचं, आणि पुढच्या काही वेळात चौकातून कोणत्या दिशेला किती वाहनं वळतील याचा अंदाज स्पर्धकांनी बांधायचा. पुढच्या वर्षी तिथल्याच गटाने विद्यार्थ्यांसाठी 'अर्बन व्हिजन हॅकेथॉन' घेतलं. आमच्या मते खरी मोलाची गोष्ट ही दुसरी.

हॅकेथॉन, म्हणजे ठरावीक वेळात संगणकावर प्रश्न सोडवायची स्पर्धा, म्हटलं की एक चित्र डोळ्यांपुढे येतं. रात्रभर जागणारी मुलं, चहाचे कप, सकाळी परीक्षकांसमोर सादरीकरण. केंद्र सरकारच्या, 2017 पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सॉफ्टवेअर फेरीत सलग 36 तास काम चालतं. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे, हा तिथला एक उत्तम नियम. तिथली मुलं जीव तोडून काम करतात. पण वाहतुकीच्या प्रश्नांवर अशा स्पर्धांत पुन्हा पुन्हा तीच उत्तरं येतात: बस कुठे आहे ते दाखवणारं ॲप, रुग्णवाहिकेला हिरवा दिवा देणारा सिग्नल, मोकळं पार्किंग शोधून देणारा नकाशा. बक्षीस मिळतं, छायाचित्र निघतं, आणि बहुतेकदा पुढे काही होत नाही. दोष मुलांचा नाही. बसचं ॲप चालायला बसची माहिती लागते, आणि ती त्यांच्या हातात नसते. दिल्ली सरकारने 2018 मध्ये आयआयआयटी दिल्लीच्या मदतीने बसची माहिती सर्वांसाठी खुली केली, तेव्हा कुठे तिथल्या मुलांना काम करायला पायाखाली जमीन मिळाली.

बेंगळुरूच्या हॅकेथॉनने मुलांना ॲप करायला सांगितलंच नाही. माहितीच तयार करायला सांगितली.

(दृश्य: माऊस धरलेला हात. पडद्यावर एक चौकट ओढली जाते, थोडी सरकवली जाते, सोडली जाते. पुन्हा.)

शहरात महिलांच्या सुरक्षेसाठी, निर्भया निधीतून, 'सेफ सिटी' योजनेचे कॅमेरे बसलेले आहेत. त्यातल्या सुमारे 2800 कॅमेऱ्यांतून चार आठवड्यांच्या काळातली 26 हजार 646 चित्रं निवडली गेली. देशभरातल्या महाविद्यालयांतले 565 विद्यार्थी बसले आणि त्या चित्रांतल्या एकेका वाहनाभोवती चौकट आखून त्याचा प्रकार लिहू लागले. प्रकार 14: सायकल, दुचाकी, तीनचाकी, हलकं मालवाहू वाहन, व्हॅन, टेम्पो ट्रॅव्हलर, हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, एमयूव्ही, मिनीबस, बस, ट्रक आणि इतर.

हे काम सोपं वाटतं. करून पाहा. बसमागून रिक्षाचा फक्त पिवळा टप डोकावतोय, तर चौकट टपापुरती की अंदाजाने पूर्ण रिक्षाभोवती? दूरवर एकमेकींना खेटलेल्या दुचाक्या चार आहेत की पाच? ही व्हॅन की एमयूव्ही? दोन हुशार मुलं इथे दोन वेगळी उत्तरं देतात, आणि दोघांकडेही कारण असतं.

म्हणून एकाच चित्रावर अनेकांकडून काम करून घेतलं गेलं. मुलांनी आखलेल्या चौकटी भरल्या 18 लाख. मग बहुमताने, आणि 'स्टेपल' नावाच्या एका गणिती पद्धतीने, त्यातून एकमत काढलं. ही पद्धत मुळात वैद्यकीय प्रतिमांसाठी शोधलेली. एकाच प्रतिमेवर अनेक तज्ज्ञ वेगवेगळ्या सीमारेषा आखतात, तेव्हा खरी कोणती मानायची, यासाठी. कोणाच्या चौकटी सातत्याने नेमक्या येतात ते ती हिशेबात धरते. 18 लाखांतून शेवटी उरल्या साधारण तीन लाख पक्क्या नोंदी.

(दृश्य: तोच चौक, तीच गर्दी. आता रिक्षेभोवती चौकट, टेम्पो ट्रॅव्हलरभोवती चौकट.)

नोव्हेंबर 2025 मध्ये हा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. त्यावर शिकवलेले नमुने आणि 'कोको'वर शिकलेले नमुने यांची तुलना केली, तेव्हा ओळखण्याच्या अचूकतेत, नमुन्यागणिक, 8.4 ते 31.5 टक्क्यांची सुधारणा दिसली. नव्या यंत्राने नाही, तर 565 मुलांनी लक्ष देऊन पाहिल्यामुळे. यात रात्रीत सुचलेली भन्नाट कल्पना नाही, म्हणून याची बातमी छोटी होते. आम्हाला हे काम मोठं वाटतं.

तरीही एक गोष्ट बोलायलाच हवी.

(दृश्य: दुभाजकावर उभी असलेली आजी, हातात नातवाचा हात. दोन्हीकडून वाहनं.)

ती 14 नावं पुन्हा वाचा. त्यात चालणारा माणूस नाही. संग्रह वाहनांचा आहे, त्यामुळे तसं असणं समजू शकतं. पण 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, आणि त्यातली 32 हजार 825 पायी चालणारी होती. जवळपास दर पाच मृत्यूंमागे एक. वाहनांच्या बेरजेवर सिग्नल बेतला, तर दुभाजकावर थांबलेल्या या बाईंचं वजन त्या बेरजेत शून्य.

(दृश्य: पुणे, स्वारगेट. एसटी स्थानक, पीएमपीचा म्हणजे शहर बसचा थांबा, मेट्रोची दारं. पायी चालणाऱ्यांची दाटी.)

पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण केलं. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो स्वारगेटला येते, आणि एसटी, पीएमपी व मेट्रो यांच्यामध्ये माणसं दिवसभर रस्ता ओलांडत असतात. या शहरात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, मुलं आहेत, कॅमेरे आहेत. बेंगळुरूचा संग्रहही समोर खुला आहे. तो जसाच्या तसा इथे पुरणार नाही, कारण कॅमेऱ्यांची उंची वेगळी, कोन वेगळे. इथली चित्रं इथल्याच मुलांना पाहावी लागतील.

त्यांनी पंधरावा प्रकार वाढवावा: पादचारी. चेहरा ओळखू येणार नाही असा पुसून, फक्त माणूस म्हणून. आणि संख्येशेजारी आणखी एक नोंद ठेवावी: कडेला आल्यापासून पलीकडे पाऊल पडेपर्यंत त्याला किती सेकंद लागले.