योसेफिनचा मुलगा

हे स्वयंपाकघर बघा. डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरातलं, पण १९५४ साली स्टुडिओत उभं केलेलं. दिग्दर्शकानं आधी ते खऱ्या घरासारखं भांड्याकुंड्यांनी भरून घेतलं. मग एकेक वस्तू उचलायला लावली. हे नको. तेही नको. शेवटी मोजकंच सामान उरलं, आणि तरी पडद्यावर बघताना वाटतं, इथं रोज चूल पेटते, इथं माणसं जेवतात.

त्या दिग्दर्शकाचं नाव कार्ल थिओडोर ड्रायर. हे नावसुद्धा त्यांना दुसऱ्याकडून मिळालेलं.

जन्म ३ फेब्रुवारी १८८९, कोपनहेगन. आई योसेफिन निल्सन, स्वीडनमधल्या एका जमीनदाराकडे कामाला होती. लग्नाशिवाय झालेलं मूल. गावात बोभाटा नको म्हणून ती बाळंतपणासाठी डेन्मार्कला आली आणि मूल इथंच सोडून परत गेली. पुढे एका टायपोग्राफरच्या, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याच्या कुटुंबानं त्याला दत्तक घेतलं आणि दत्तक वडिलांचंच नाव त्याला दिलं. त्या घरात माया फारशी नव्हती. दोन घास मिळतात याचे उपकार मान, हे मात्र मुलाला वारंवार ऐकावं लागे.

मूल दोन वर्षांचंही नव्हतं, तेव्हा योसेफिन पुन्हा गरोदर होती. गर्भ पाडण्यासाठी तिनं काडेपेटीच्या काड्यांचा गुल खाल्ला. त्या काळी गुलात पांढरा फॉस्फरस असायचा. जहाल विष. त्यातच ती गेली. ड्रायर यांना हे कळलं ते तरुणपणी, त्यांनी स्वतः शोध घेतला तेव्हा.

पुढे पत्रकारिता, मग नॉर्डिस्क या चित्रपट कंपनीत मूकपटांच्या पाट्या, म्हणजे पडद्यावर मधे मधे दिसणारा मजकूर, आणि पटकथा लिहिणं, आणि १९१९ मध्ये पहिला चित्रपट. १९२५ साली त्यांनी एका तापट नवऱ्याची गोष्ट सांगितली. बायको दिवसभर घरात किती राबते, हे त्याला ती घर सोडून गेल्यावर उमगतं. हा चित्रपट फ्रान्समध्ये खूप चालला, आणि पॅरिसहून बोलावणं आलं.

आता हा चेहरा बघा.

१४३१ मध्ये चेटूक आणि पाखंडाच्या आरोपाखाली जिवंत जाळलेली फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क. भूमिका रने फाल्कोनेत्ती या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीची. चेहऱ्यावर रंग नाही, पावडर नाही. केस खरोखर कापलेले. कॅमेरा रुडॉल्फ माटे यांचा, इतका जवळ की पापणीवर थांबलेलं पाणी दिसतं. न्यायाधीशांचे चेहरे खालून टिपायचे होते, म्हणून जमिनीत खड्डे खणले. निर्मात्यांच्या पैशानं भलामोठा किल्ला उभा राहिला होता, आणि पडद्यावर तो जेमतेम दिसतो. निर्माते चिडले. पण मला विचाराल तर या माणसाची सगळी कला त्या एका निर्णयात आहे. किल्ला बाजूला ठेवला आणि एकट्या बाईकडे बघत राहिले.

जोनवरचा हा चित्रपट १९२८ मध्ये आला. त्याच वर्षी मूळ निगेटिव्ह बर्लिनमध्ये आगीत जळाली. न वापरलेल्या टेक्समधून, म्हणजे त्याच दृश्यांच्या बाजूला ठेवलेल्या चित्रणांतून, दुसरी तयार केली, तीही पुढे आगीतच गेली. अनेक दशकं लोक तुकड्यातुकड्यांत जोडलेल्या प्रती बघत होते. मग १९८१ मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात मूळ आवृत्तीची प्रत सापडली.

ड्रायर यांच्या हयातीत मात्र कामाचा दुष्काळ होता. १९३२ च्या ‘व्हॅम्पिर’ला बर्लिनमध्ये प्रेक्षकांनी हुर्यो दिली. त्यांची प्रकृती ढासळली. ते परत पत्रकारितेकडे वळले. नंतर थेट १९४३, नाझींच्या ताब्यातलं डेन्मार्क, आणि ‘व्रेडेन्स डाग’, म्हणजे ‘क्रोधाचा दिवस’. पुन्हा चेटकीण ठरवलेली बाई, पुन्हा निवाडा करणारे पुरुष. युद्धानंतर पोटापाण्यासाठी त्यांनी सरकारी माहितीपट केले, अगदी वाहतूक सुरक्षेवरही. १९५२ मध्ये कोपनहेगनचं डागमार चित्रपटगृह चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा कुठे थोडं स्थैर्य आलं. १९६४ चा ‘गेर्ट्रूड’ हा शेवटचा. येशूवरचा चित्रपट वर्षानुवर्षं मनात होता, त्यासाठी ते हिब्रू शिकत होते. तो राहून गेला. २० मार्च १९६८ ला ते गेले.

पण आपण त्या स्वयंपाकघरात परत जाऊ.

चित्रपट ‘ऑर्डेट’, म्हणजे ‘शब्द’. व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा १९५५ चा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, यालाच मिळाला. मूळ नाटक काइ मुंक या पाद्री नाटककाराचं. १९४४ मध्ये नाझींनी त्यांची हत्या केली होती. या घराचा सगळा भार वाहणारी सून इंगर, बाळंतपणात मूल जातं आणि पाठोपाठ तीही. भूमिका बिर्गिट्टे फेडरस्पील यांची. त्या स्वतः तेव्हा गरोदर होत्या, आणि त्यांच्या खऱ्या बाळंतपणातल्या कण्हण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ड्रायर यांनी चित्रपटात वापरला.

योसेफिनची कहाणी ठाऊक झाल्यावर पुढचा प्रसंग मला कोरड्या डोळ्यांनी बघता आलेला नाही.

पांढरी खोली. उघडी शवपेटी. इंगरची छोटी मुलगी काकाचा हात धरून उभी आहे, आई उठणार याची तिला खात्री आहे. काका शब्द उच्चारतो. छातीवर जुळवलेल्या हातांची बोटं हलतात. हळूहळू सुटतात. घरातलं थांबवलेलं घड्याळ कुणीतरी पुन्हा चालू करतं. नवरा तिला सावरून धरतो. ती आधी बाळाची विचारपूस करते. मग नवऱ्याच्या गालाला गाल लावून ती एकच शब्द पुटपुटत राहते.

जीवन.