बांधाबाहेर गेलेलं घर

(दृश्य : पहाट. धुक्यातला धक्का, होडीत चढणारी माणसं.)

गंगासागरला जाऊन आलेल्यांना हा धक्का आठवेल. पश्चिम बंगालमधल्या काकद्वीपजवळचा लॉट नंबर आठ. यात्रेकरूंची मोठी बोट इथून सागर बेटाकडे जाते. याच काठावरून इंजिन लावलेली एक साधी होडीही सुटते, घोडामारा बेटाकडे. तिच्यात तांदळाची पोती असतात, गॅसचे सिलिंडर असतात, माहेरपण करून परतणाऱ्या सुना असतात.

हुगळी नदी समुद्राला मिळते तिथलं हे बेट. 1969 साली ते साधारण साडेआठ चौरस किलोमीटर होतं. 2012 पर्यंत जेमतेम निम्मं उरलं. शेजारचं लोहाचरा तर अख्खं पाण्याखाली गेलं. तिथली काही कुटुंबं सागरवर गेली, काही घोडामाऱ्यावर आली. ज्यांना एका बेटाने सोडलं, त्यांच्या पायाखालून आता दुसरंही सरकतंय.

(दृश्य : मातीचा बांध, एका बाजूला भातखाचर, दुसऱ्या बाजूला नदी.)

भारतातल्या सुंदरबनात 102 बेटं. त्यांतल्या 54 बेटांवर वस्ती, आणि ती तगून आहे ती सुमारे साडेतीन हजार किलोमीटर मातीच्या बांधांवर. कोकणातल्या माणसाला खारबंधारा माहीत आहे, तशीच ही गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे 'कोटाल' म्हणतात. कोटालच्या पाण्याने बांधाला खांड पडली की बुजवणं प्रत्येक वेळी जमत नाही. मग थोडं आत सरकून नवा बांध घालतात. त्याला म्हणतात रिंग बांध.

नवा बांध आत आला, म्हणजे जुना आणि नवा यांच्या मधली घरं नदीला दिली. शेत, तळं, पानमळा, सगळं. पुन्हा आत सरकून नवी झोपडी, काही वर्षांनी पुन्हा रिंग बांध. ज्या बाईने चार वेळा चूल मोडली आणि चार वेळा लिंपली, तिचा पत्ता कागदावर अजून तोच असतो : घोडामारा. तिला विस्थापित कोण म्हणणार?

(दृश्य : रिकामी गल्ली, अंगणात फक्त बायका आणि मुलं.)

25 मे 2009. आयला चक्रीवादळ. शेकडो किलोमीटर बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं कित्येक ठिकाणी भात उगवला नाही. पुरुष निघाले. केरळ, तमिळनाडू, अंदमान, आपल्या मुंबई-पुण्यातली बांधकामंसुद्धा. एखाद्या इमारतीच्या परांचीवर बंगाली कानावर पडलं, तर त्या माणसाचं गाव कदाचित याच खाऱ्या चिखलात असेल.

त्याला निदान 'स्थलांतरित' हा शब्द मिळाला. बायको मागे राहिली. म्हातारी सासू, मुलं, कर्ज आणि बांध तिच्या वाट्याला आला. 2020 च्या मे महिन्यात अम्फान आलं तेव्हा टाळेबंदी होती. कित्येकींचे नवरे हजारो किलोमीटर दूर अडकले होते. छप्पर बांधायला, जनावरं सोडवायला, म्हातारीला निवाऱ्यात न्यायला त्या एकट्याच होत्या.

इथे याच त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व टोकाची एक आठवण सांगायलाच हवी. 29 एप्रिल 1991 च्या रात्री बांगलादेशच्या किनाऱ्यावर आणि कुतुबदिया, संद्वीपसारख्या बेटांवर चक्रीवादळ धडकलं. सुमारे एक लाख अडतीस हजार माणसं गेली. 20 ते 44 वयाच्या बायकांत मृत्यूचं प्रमाण हजारी 71 होतं, त्याच वयाच्या पुरुषांत 15. कडेवर मूल, अंगाला गुंडाळलेली ओली साडी, घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय उंबरा न ओलांडण्याची सवय, आणि परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात जायची लाज. पाणी सगळ्यांसाठी सारखंच चढलं होतं.

आता इशारा वेळेवर मिळतो, निवारे वाढलेत, जीव वाचतात. ही मोठी गोष्ट आहे. पण वाचलेल्या बाईला सकाळी परत त्याच बांधावर यायचं असतं.

(दृश्य : पाण्यात बुडालेलं बेट, वरून.)

26 मे 2021. पौर्णिमा. यास वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलं, पण इकडे भरती आणि वादळ एकाच वेळी आलं आणि अख्खं घोडामारा पाण्याखाली गेलं. पानमळे कुजले. तळ्यात खारं पाणी भरलं. तळं खारं झालं, म्हणजे अंघोळ, भांडी, धुणं, मासिक पाळीचे कपडे, सगळ्याचं पाणी गेलं. पिण्याचं पाणी आधीच दुरून येतं, आणि ते बाईच्याच कमरेवरून येतं.

(दृश्य : ओहोटी संपत आलेली. कमरेएवढ्या पाण्यात निळी जाळी ओढणाऱ्या बायका.)

शेत गेल्यावर हातात येणारं काम हेच. मीन धरणं. मीन म्हणजे बागदा कोळंबीचं पिल्लू, केसाएवढं बारीक. कोळंबीच्या तळ्यांना ते लागतं. बारीक जाळी चौकटीला बांधून कमरेएवढ्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध ओढायची, तासन् तास. भरती रात्री आली तर रात्री. या पाण्यात मगर असते, पाय तोडणारा छोटा शार्कही असतो. त्याला इथे 'कामोट' म्हणतात. खाऱ्या पाण्यात रोज उभं राहून कातडी सोलवटते, अंगावरचे आणि गर्भाशयाचे आजार मागे लागतात. डॉक्टर नदीपलीकडे.

आणखी एक गोष्ट बोचते. या कामाने बांधाच्या पायथ्याची माती तुडवली जाते आणि इतर माशांची पिल्लं वाया जातात, म्हणून दोष तिच्यावर येतो. शेत कुणी बुडवलं, हे मात्र तिला कुणी विचारत नाही.

नदी आणि समुद्राच्या धूपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळाकरता स्वतंत्र निधी सुचवला. उशिरा का होईना, हे पाऊल योग्य आहे. त्या पैशातून जमिनीचा तुकडा मिळेल तेव्हा कागदावर तिचंही नाव हवं. नवरा केरळात असताना घर तिनेच चार वेळा हलवलंय.

(दृश्य : काठावर पांढरं ताट. शिंपल्याने पाणी उचलणारा हात.)

जाळं बाहेर आलं की ताटात पाणी घेऊन ती बसते. शिंपल्याने एकेक पिल्लू वेगळं करते, मोजते. भाव हजारावर ठरतो. मधेच मान वर करून नदीकडे बघते. पाणी किती चढलं याचा अंदाज घेते. मग पुन्हा मोजू लागते.