डाग नाही, थेंब नाही, तरी कूलंट कमी

[दृश्य: रत्नागिरीजवळचं चिरेबंदी गॅरेज. लाल पोर्शे बॉक्स्टर, मागची डिकी उघडी.]

या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या आत, दोन्ही चाकांच्या पुढे. मधलं अंतर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पोटाखालच्या लांब नळ्यांतून कापतो. साध्या हॅचबॅकमध्ये पाच-सहा लिटर कूलंट मावतं, इथे त्याच्या तिप्पट तरी. नळ्या लांब, जोड जास्त, आणि खालून प्लास्टिकचे पत्रे लावलेले. त्यामुळे आठवड्याला पाव लिटर कूलंट गेलं, तरी जमिनीवर थेंब दिसेलच असं नाही. पत्र्यावर पडतं, गरम धातूवर सुकतं, उरलेलं वारा घेऊन जातो.

तक्रार नेहमी एकच असते: कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर खाली जाते, जमिनीवर डाग नाही. मग कोणीतरी विहिरीचं पाणी ओततं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी बरेचदा मचूळ असतं, आणि त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात. वीस लिटरमध्ये निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन, बाकी पाणी) असेल आणि दोन लिटरची घट नुसत्या पाण्याने भरली, तर प्रमाण ५० वरून ४५ टक्क्यांवर येतं. कोकणात कूलंट गोठायची भीती नाही, पण गंज रोखणारी रसायनं त्याच बाटलीतून येतात. ती पातळ झाली की आतून पोखरायला सुरुवात होते. म्हणून भर घालायची ती त्याच दर्जाच्या कूलंटची आणि डिस्टिल्ड पाण्याची. दर्जा मॅन्युअलमध्ये पाहायचा, रंगावरून ठरवायचा नाही.

[दृश्य: टाकीवर मार्करची रेघ. वहीत नोंद.]

पाना हातात घेण्याआधी वही. गाडी सपाट जागी, रात्रभर थंड झालेली. टाकीवर पातळीची रेघ मारायची. घातलेलं प्रत्येक मिलिलिटर मापाच्या भांड्याने मोजून, किलोमीटरच्या आकड्यासह लिहायचं. गाडी नुसती उभी असताना घटतं, सपाट रस्त्यावर घटतं, की घाट चढल्यावरच? या एका उत्तराने निम्म्या जागा बाद होतात. उभ्या गाडीत घटत असेल तर जोड किंवा रेडिएटरची जाळी. फक्त घाटानंतर घटत असेल तर आधी झाकण, मग टाकीची शिवण, मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील.

खाली पाणी दिसलं तरी घाई नको. इथल्या दमट हवेत एसीचं पाणी धो धो पडतं. खाली पुठ्ठा सरकवून ठेवा. एसीचं पाणी वाळलं की काही उरत नाही, कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं आणि रंगीत, चिकट डाग ठेवतं. चव कधीही घ्यायची नाही. इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. अंगणातली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. सांडलं की लगेच पुसून, धुऊन काढा.

[दृश्य: डिकीतली टाकी. गालिचा उचलला जातो.]

बॉक्स्टरमध्ये पहिला हात इथे घालावा. कूलंटची टाकी डिकीत आहे. उष्णतेने तिचं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला केसाएवढी चीर पडते. गालिचा खालून ओला किंवा गोडसर वासाचा असेल, तर शोध इथेच संपला. या गाडीत तो कोरडा आहे.

पुढे झाकण. १ बार जादा दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर मेलं असेल तर दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि वाफ होऊन जातं. डाग न पडण्याचं हे सर्वांत साधं कारण. दाब देणाऱ्या हातपंपाच्या ॲडॉप्टरवर झाकण वेगळं तपासता येतं. स्वस्त भाग आहे, शंका आली तर बदलावा.

[दृश्य: हातपंप टाकीला जोडलेला. मिस्त्री हाताखालच्या मुलाला सांगतात: "हळू मार रे. झाकणावर जो आकडा छापलाय, त्याच्या वर काटा जाता नये."]

इंजिन थंड, दाब १ बार. पहिल्या काही मिनिटांत रबरी होज फुगतात, काटा जरासा उतरतो. ती गळती नव्हे. पुन्हा १ वर आणून वीस मिनिटं थांबायचं. इथे काटा ०.८५ वर आला. म्हणजे थंड असतानाच गळतंय, आणि ही आनंदाची गोष्ट आहे, कारण थंड गळती सापडते.

गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली, खालचे पत्रे उतरवले. नियम असा: ओल जिथे दिसते तिथेच गळत असेल असं नाही. धावत्या गाडीत वारा थेंब मागे ढकलतो. ओलीची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची कड शोधायची. क्लॅम्पच्या कडेला वाळलेला पांढरट किंवा गुलाबी थर हीसुद्धा खूण. वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून पाझरतं आणि बेल्ट ते चहूकडे उडवतो. इथे ते भोक कोरडं. पोटाखालच्या नळ्या कोरड्या. सगळी ओल पुढे, डाव्या चाकाच्या अस्तराआड.

[दृश्य: चाक, अस्तर, मग बंपर निघतो. कॅमेरा जवळ.]

कोकणातल्या या गाडीचं खरं दुखणं हे. बंपरची तोंडं जमिनीलगत, हवा ओढणारी. आंब्याची पानं, सुरूच्या काड्या, लाल माती सगळं आत जातं. एसीचा कंडेन्सर (त्याचा गॅस थंड करणारी जाळी) पुढे, रेडिएटर मागे, आणि मधल्या बोटभर फटीत हा पाला साचतो. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. कंडेन्सरचे स्क्रू सोडून, गॅसच्या नळ्या न उघडता तो अलगद पुढे कलवला की मागे ओल्या खताचा थर दिसतो. खाऱ्या हवेतलं मीठ त्या ओलीत मुरतं. खालच्या कोपऱ्यातल्या पात्या बोटाने दाबल्या की पांढरी भुकटी होते, आणि नळीला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. दाब दिल्यावर तिथे थेंब फुगतो, ओघळतो, पुन्हा फुगतो.

थेंब दिसलाच नसता तर रंग घालावा लागला असता: थोडा यूव्ही डाय, दोन दिवस गाडी चालवायची, मग अंधारात निळा टॉर्च आणि पिवळा चष्मा. काही कूलंट मुळातच चमकतात, म्हणून डाय घालण्याआधी एकदा टॉर्च मारून पाहावा.

थंड चाचणीत दाब टिकला असता, तर साखरप्याहून आंबा घाट चढायचा. वर पोचून इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पण धातूतली उष्णता कूलंटमध्ये उतरत राहते. पहिली पाच-दहा मिनिटं दाब चढलेला असतो, आणि गरम गळती तेव्हाच बोलते. झाकणाला मात्र हात लावायचा नाही, उसळून चेहऱ्यावर येतं.

हेड गॅस्केटचा संशय निळ्या द्रवाने फिटतो. गरम इंजिनाच्या टाकीवरची हवा त्या द्रवातून ओढायची. जळालेला वायू असेल तर निळा पिवळा होतो. ऑइलच्या झाकणाखालची साय पाहून कोणी घाबरवलं, तर आधी ही चाचणी करा. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही येते.

दुरुस्ती एकच, रेडिएटर बदलायचा. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय अजून चालतो. ती छिद्राइतकीच हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि पुढे गाडी तापते. रस्त्यात अडकलात तरी टाकू नका. दुसऱ्या बाजूची जाळीही याच वेळी साफ करा, पाण्याची साधी नळी मागून पुढे मारून. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात.

[दृश्य: व्हॅक्यूम पंप. होज चपटे होतात.]

इतक्या लांब नळ्यांत हवा अडकतेच. म्हणून व्हॅक्यूम ओढून भरणं उत्तम: होज चपटे झाले आणि काटा काही मिनिटं हलला नाही, तर जोडही पक्के. हे साधन नसेल तर टाकीवरच्या हवा सोडायच्या व्हॉल्व्हची क्लिप उचला, इंजिन गरम करा, अधूनमधून आरपीएम वाढवा आणि भर घाला. तरी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पातळी थोडी उतरेल. ती अडकलेली हवा बाहेर पडल्याची घट. भरून घ्या, नवी रेघ मारा.

त्या रेघेखाली पातळी पुन्हा गेली, तर दाबाची चाचणी पहिल्यापासून, आणि सुरुवात नव्या झाकणाने. नवीन झाकणही खराब निघतं.