तारे आणि साग एकाच चौकटीत

इंदूरहून मुंबई-आग्रा रस्त्याने महू ओलांडून मानपूरकडे निघाले की जानापावची टेकडी लागते. चंबळेचे उगमस्थान म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. रात्रीचे आकाश टिपणाऱ्यांना मात्र ती प्रिय आहे ती तिच्या दिशेमुळे. माथ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की इंदूर-महूच्या दिव्यांचा उजेड पाठीमागे राहतो आणि समोर माळव्याचे पठार निमाडाकडे उतरत जाते. मे महिन्याच्या मध्यावर रात्री अडीचच्या सुमारास वृश्चिकाच्या नांगीतले मूळ नक्षत्र याच दिशेला सर्वांत उंच आलेले असते, आणि त्याला लागूनच आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी, केंद्राकडचा पट्टा क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवर दिसतो. रात्र अमावस्येच्या आसपासची असेल तर उत्तमच.

इंदूरच्या रामबागेतून आलेले काका आणि त्यांची पुतणी यांनी या पट्ट्याखाली उभा असलेला, पाने गळून गेलेला एक साग निवडला आहे. कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरची लेन्स आहे. आकाश ताशी १५ अंश, म्हणजे सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते, आणि या लेन्सने फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या, सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६२ विकलांचा पडतो. शटर २५ सेकंद उघडे ठेवले, तर ज्येष्ठेसारखा तारा पाच पिक्सेलांहून अधिक ओढला जाऊन त्याची रेघ होते. १० सेकंदांत तो जेमतेम दोन पिक्सेल सरकतो. म्हणून दोघांनी १० सेकंद ठरवले आहेत. एवढ्या थोड्या वेळात प्रकाश फार कमी मिळतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यावी लागते आणि फोटोत दाणेच दाणे दिसू लागतात.

हे दाणे घालवण्यासाठी स्टॅकिंग करतात. तेच दृश्य १६ वेळा टिपून त्या फ्रेम्सची सरासरी काढली, तर खरा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये तितकाच असल्यामुळे टिकून राहतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडणारे दाणे एकमेकांना छेद देत वर्गमूळाच्या हिशेबाने घटतात. १६ फ्रेम्सना ते चौथ्या हिश्श्यावर येतात. सरासरीने फोटो उजळ होतो अशी पुष्कळांची समजूत असते, पण तसे होत नाही. फोटो तेवढाच अंधारा राहतो. मात्र तो अंधार नंतर उजळवला तरी दाण्यांनी फाटत नाही.

खरी अडचण यापुढे येते, कारण सोळा फ्रेम्स घेईपर्यंत सुमारे तीन मिनिटे जातात आणि तेवढ्यात तारे जवळजवळ चाळीस पिक्सेल पश्चिमेकडे सरकलेले असतात. ताऱ्यावर तारा बसवून फ्रेम्स जुळवल्या तर सागाचे खोड आडवे पसरते, आणि सागावर साग ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा होतात. शिवाय रुंद लेन्स कोपरे ताणत असल्यामुळे सगळे तारे सारखे सरकत नाहीत. केवळ फ्रेम सरकवून आणि फिरवून भागत नाही, तिला थोडे वाकवावेही लागते. सेक्वेटर किंवा मॅकवरील स्टारी लँडस्केप स्टॅकर ही सॉफ्टवेअर हे काम करतात, पण आकाश कुठे संपते हे आपणच नीट दाखवावे लागते.

म्हणून एकाच संचातून दोन चित्रे तयार होतात, एक तारे जुळवून आणि दुसरे काहीही न हलवता, आणि मग मास्क, म्हणजे चित्राचा नको तो भाग झाकणारा पडदा, लावून वरचे आकाश पहिल्यातून व खालची जमीन दुसऱ्यातून घेतली जाते. जमिनीसाठी पुतणी आणखी काही फ्रेम्स घेते. आयएसओ कमी करून शटर तीन-चार मिनिटे उघडे ठेवते, कारण तिथे रेघांची भीती नसते. मधल्या वेळात काका चौकट किंचित डावीकडे घ्यावी म्हणून पुढे होतात, तेव्हा ती त्यांना थांबवते: “काका, ट्रायपॉडला हात नका लावू हं, जमिनीच्या फ्रेम्स अजून व्हायच्यात.” तिचा आग्रह रास्त आहे. तोच ट्रायपॉड, तीच चौकट आणि तीच रात्र असेल, तरच समोर खरोखर उभे असलेले दृश्य फोटोत येते. दुसऱ्या गावचे आकाश या सागामागे चिकटवले, तर ते छायाचित्र राहत नाही.

परतण्यापूर्वी लेन्सला झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांच्या आणि तेवढ्याच आयएसओच्या डार्क फ्रेम्स घेतल्या जातात. मेच्या उकाड्यात त्या टाळू नयेत: सेन्सर ६ ते ८ अंशांनी तापला की त्याचा अंधारातला प्रवाह (प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये वाहणारी वीज) दुप्पट होतो आणि लाल-निळे हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही चमकणारे ठिपके, वाढतात. ते जागचे हलत नसल्यामुळे तारे जुळवल्यावर त्यांचीच बारीक माळ उमटते. डार्क फ्रेम वजा केली की ती नाहीशी होते.

आता सागाच्या फांद्यांकडे जवळून पाहा. टेकडीच्या सरळ कडेवर मास्क सहज बसतो, पण इथे प्रत्येक डहाळीच्या दोन्ही बाजूंना आकाश आहे, आणि जुळवलेल्या स्टॅकमध्ये प्रत्येक डहाळीभोवती तिचीच धूसर सावली पसरली आहे. यावर पहिला उपाय फ्रेम्स जुळवतानाच करायचा असतो: पहिल्या फ्रेमऐवजी मधली, आठवी फ्रेम प्रमाण धरली, तर चाळीस पिक्सेलांचे सरकणे दोन्ही बाजूंना वीस-वीस असे विभागले जाते. दुसरा उपाय हाताने करायचा आहे. डहाळ्यांच्या जाळीत त्या आठव्या फ्रेमचेच आकाश ठेवायचे, तेवढ्या भागातले दाणे सॉफ्टवेअरने मऊ करायचे आणि बाहेर मोकळ्या आकाशात पोहोचताना मास्कची कड हळूहळू विरवत न्यायची. या भागात दाणे थोडे जास्त राहतात, पण प्रत्येक तारा डहाळीच्या ज्या बाजूला होता, त्याच बाजूला राहतो. एका संध्याकाळी आटोपणारे हे काम नाही, आणि त्यावर घाई करू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

विमान किंवा उपग्रह एखाद्या फ्रेममधून रेघ ओढून गेला असेल, तर सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळ्या फ्रेम्समधली मूल्ये क्रमाने लावून मधले मूल्य, घ्यावा. एकट्या फ्रेममधली ती रेघ मध्यकात गळून जाते. वाऱ्याने हललेल्या फांद्यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही, त्यामुळे वारा असलेल्या रात्री फांद्यांसाठी एकच स्थिर फ्रेम निवडणे बरे. फोटो तयार झाला की तो शंभर टक्के मोठा करून क्षितिजाची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावी, आणि फोटोखाली आकाशाच्या किती, जमिनीच्या किती फ्रेम्स आणि किती सेकंदांच्या, हे स्पष्ट लिहावे.