‘तो आपल्या भाऊचा माणूस हाय’

(दृश्य: सकाळ. ग्रामपंचायतीचं कुलूप उघडतं. आत लोखंडी कपाट, वर धुळीचा थर.)

‘लॉबिस्ट’, म्हणजे सरकारदरबारी दुसऱ्यासाठी वजन वापरणारा, हा शब्द यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यात ऐकू येत नाही. इथं म्हणतात, ‘तो आपल्या भाऊचा माणूस हाय.’ भाऊ म्हणजे सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, नाहीतर आमदार. आणि त्यांचा माणूस म्हणजे पंचायत समितीच्या आवारात सकाळपासून दिसणारा, कोणत्या टेबलावर फाइल अडली हे साहेबांच्या आधी ठाऊक असलेला. कधी तो स्वतः ठेकेदार असतो, कधी गिट्टी-सिमेंट पुरवणारा, कधी नुसताच मधला.

एक दिवस कुणीतरी तक्रार टाकतं: या दोघांचं साटंलोटं आहे. मग भाऊंना उत्तर देणं भाग पडतं.

(दृश्य: पानठेल्यावर मोबाईलमध्ये फिरणारा फोटो. चेहरे धूसर.)

बहुतेक आरोपांची सुरुवात फोटोपासून होते. वाढदिवसाचा केक, लग्नाचा मांडव, दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यावर. पुढाऱ्याचं उत्तरही ठरलेलं: ‘फोटो तर कुणाहीसोबत निघतो. हे विरोधकांचं राजकारण आहे.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे, हे मान्य करायला हवं. दीड हजार वस्तीच्या गावात सगळेच एकमेकांच्या तेरवीला जेवतात, सोयरीकही तिथल्या तिथेच होते. फोटोवर कुणाचं पद जात नाही.

कायद्याचा प्रश्नच वेगळा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 14 विचारतं, पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा, त्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध आहे का? जिल्हा परिषद सदस्यांसाठी अशीच तरतूद 1961 च्या अधिनियमात कलम 16 मध्ये आहे. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9अ आहे, पण ते सरकारशी चालू असलेल्या कंत्राटापुरतं. म्हणजे ‘मी एक रुपया घेतला नाही’ हे भाऊंचं उत्तर या कलमांपुरतं अर्धंच ठरतं. पैसा घेतला की नाही हा लाचलुचपतीचा मामला. इथं विचारलं जातं, हिस्सा होता की नव्हता.

(दृश्य: ठराव बुकाचं पान, अगदी जवळून. निळी शाई, बाजूला अंगठ्याचा ठसा.)

उत्तर टिकेल की नाही ते या पानावर कळतं. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या. ज्याच्यावर संबंधांचा आरोप आहे तोच त्या पुरवठादाराचं बिल मंजूर करणाऱ्या ठरावाचा सूचक असेल, तर ‘मला काही माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. शेवटची ओळ आणि सह्या यांच्यामध्ये बारीक अक्षरात कोंबलेला ठराव दिसला, तर तो नंतर घुसवला असल्याचा संशय घ्यावा. त्या दिवशीचं सभेचं नोटीस बुक काढून विषयपत्रिकेत तो विषय होता का, तेही ताडून बघावं.

मग कामांची यादी. एकच सिमेंट रस्ता तीन कामांत वाटलेला असतो: अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत, तमक्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत, देवळापासून हातपंपापर्यंत. तिन्ही अंदाजपत्रकं ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली. तिन्ही ठिकाणी दरपत्रकं त्याच तीन दुकानांची, आणि कधीकधी तिन्ही दरपत्रकांवर एकच हस्ताक्षर. तुकडे पाडणं हाही स्वतंत्र दोष आहे, पण त्यावरून भाऊंचा हिस्सा सिद्ध होत नाही. पुष्कळ तक्रारदार इथेच फसतात. गैरव्यवहाराचे पुरावे जोडतात आणि हितसंबंधाचा एकही कागद लावत नाहीत.

(दृश्य: पुरवठादाराचं बिल. जीएसटी क्रमांकावर बोट.)

हितसंबंधाचा धागा बिलावर सापडतो. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. संपूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर पी असेल तर मालक एकटी व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी. व्यक्ती असेल तर सातवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की दुकानाच्या पाटीमागचं कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख मोफत दिसते. सरपंच निवडून आल्यावर महिन्याभरात नोंदलेलं दुकान असेल, तर पुढे बघायलाच हवं. बिलावरचा पत्ता ग्रामपंचायतीच्या नमुना 8 शी, म्हणजे घरांच्या कर आकारणी नोंदवहीशी, जुळवा; घर कुणाच्या नावावर आहे ते तिथं लिहिलेलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून कुणाला किती पैसे गेले, ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. ती नोंद रोकडवहीशी, म्हणजे नमुना 5 शी, ताडून बघा.

नमुन्यांच्या नकला हव्या असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज सचिवाकडे. (ग्रामसेवकाला आपल्याकडे सचिवच म्हणतात.) दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, साधारण 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत. ‘सर्व कामांची सर्व माहिती द्या’ असा अर्ज लिहिला की तो विस्तृत आहे म्हणून परत येतो. सन, कामाचं नाव आणि नमुना क्रमांक लिहा.

(दृश्य: तहसीलसमोर टाइपरायटरवर बसलेला अर्जनवीस.)

आता भाऊंची बाजू. चांगलं उत्तर लेखी असतं, शपथपत्रावर. नातं असेल तर ते आधीच कबूल केलेलं असतं, कारण नातं म्हणजेच हितसंबंध असं कलम म्हणत नाही. मात्र जवळच्या माणसाचं बिल चर्चेला आलं तेव्हा सभेतून उठून गेल्याची नोंद कार्यवृत्तात असली, तर शंभर भाषणांपेक्षा ती ओळ कामाची. तोट्यात जातात ते पुढारी जे पत्रकारांना सांगतात ‘ओळखतच नाही’ आणि जबाबात लिहितात ‘दूरचा पाहुणा’. महिला सरपंच असेल आणि कारभार पती पाहत असेल, तर सही तिची आणि बोलणं त्याचं होतं. सुनावणीत मात्र उत्तर तिलाच द्यावं लागतं.

दिल्लीतही हे नवं नाही. 1951 साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून (सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांची संघटना) पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू लावल्याचा ठपका आला. नेहरूंनी चौकशी समिती आणली. समितीने दोषी धरल्यावर, हकालपट्टीवर मत होण्याआधी मुदगल राजीनामा देऊन मोकळे झाले. लॉबिंगची नोंदणी करायला लावणारा कायदा मात्र देशात अजूनही नाही. मधल्या माणसाने सरकारी नोकराला वळवण्यासाठी पैसे घेतले, तर 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 7अ लागतं: तीन ते सात वर्षं कैद. तक्रारीसाठी लाचलुचपत विभागाचा क्रमांक 1064.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा व्हरांडा. बाकावर दोन्ही बाजूंची माणसं, मध्ये एक जागा रिकामी.)

ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. गैरवर्तनाबद्दल सरपंचाला काढायचं असेल तर रस्ता कलम 39 चा: चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची, निर्णय विभागीय आयुक्तांचा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या की अर्ज दोन्हीकडून परत फिरतो. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश विरोधात गेला तर अपिलाला 15 दिवस. विदर्भातल्या पश्चिमेकडच्या पाच जिल्ह्यांची फाइल अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे जाते, पूर्वेकडच्या सहांची नागपूरला.